टेक-ऑफ आहे, लँडिंग नाही!

तर मंडळी, साल १९४१. अटलांटिक ओलांडून ब्रिटनला धान्य-तेल नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांवर जर्मन कॉन्डोर विमानं घिरट्या घालायची, बॉम्ब टाकायची, वर पाणबुड्यांना पत्ता कळवायची. किनाऱ्यावरची लढाऊ विमानं एवढ्या लांब पोचत नव्हती आणि विमानवाहू नौका तर मोजक्याच.

मग काय, जुगाड! साध्या मालवाहू जहाजाच्या पुढच्या टोकाला रूळ बसवले, त्यावर एक हरिकेन विमान ठेवलं आणि रॉकेट लावून हवेत भिरकावलं. अशी ३५ जहाजं होती. पण परत उतरायचं कुठे? जमीन जवळ नसेल तर पायलटनं थेट गार समुद्रात उडी मारायची, आणि ताफ्यातलं कुणीतरी उचलेल म्हणून वाट बघायची. विमान गेलंच! त्यामुळे लढाईसाठी अशी उड्डाणं दहासुद्धा झाली नाहीत.

१९४३ मध्ये व्हर्जन टू आलं. धान्याच्या आणि तेलाच्या जहाजांवर अख्खा सपाट रनवे, सोबत तीन-चार स्वोर्डफिश विमानं. धान्य-तेलच का? कारण दोन्ही पाइपनं भरता-उपसता येतं, डेकवर मोठी झाकणं आणि क्रेन लागत नाहीत. (मला हा भाग जाम आवडतो.) पहिलं जहाज एम्पायर मॅकअल्पाइन : पोटात धान्य, डोक्यावर रनवे.