आधी माशी ओळखा, मगच पंपाला हात घाला



गेल्या महिन्यात कामानिमित्त ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जाणे झाले. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. एका फाटकाबाहेर रसवंती दिसली. उसाचा माणूस, पाय आपोआप तिकडे वळले.

चिपाडाच्या ढिगावर बारीक माश्या घोंगावत होत्या. रसवंतीवाला म्हणाला, "साहेब, तुमच्या उसावरची पांढरी माशी इथपर्यंत आली बघा!" खिशातले भिंग काढले. तांबडे डोळे, पिवळसर तपकिरी अंग, पोटावर काळे पट्टे, लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. ही आंबलेल्या रसावर वाढणारी माशी. उभ्या उसाशी हिचे काही देणेघेणे नाही. चिपाड रोजच्या रोज हलवले की झाले.

अशी गल्लत आपल्याकडेही होते. म्हणून पहिला नियम: पंख मोजा. खऱ्या माशीला पंख दोनच. त्यांच्या मागे टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक गाठी असतात. पंख चार दिसले तर ती माशी नव्हेच. आपली पांढरी माशी नावाचीच माशी! तिला पंख चार, त्यावर पांढरट भुकटी. ती माव्याच्या भाऊबंदातली. पानाच्या खालच्या बाजूस तिची लंबगोल, काळी, राखाडी मेण चढलेली पिले रस शोषतात. पाने पिवळी पडतात, वर काळी बुरशी धरते. पाणी साचलेल्या आणि नत्र कमी पडलेल्या खोडव्यात हिचा जोर जास्त. तेव्हा आधी चर काढा, नत्राचा हप्ता चुकवू नका.

आता मित्र ओळखा. पिवळे-काळे पट्टे असलेली, हवेत एका जागी तरंगणारी, दोनच पंखांची ती सिरफिड माशी. हिची अळी बिनपायाची, तोंडाकडे निमुळती, आणि मावा खाणारी. घरमाशीसारखी दिसणारी, पण पोटावर राठ केस असलेली माशी उसात फिरताना दिसली तर तिलाही मारू नका. अशा एका जातीच्या अळ्या खोडकिडीच्या अळीत शिरून तिचा नाश करतात.

एक कबुली देतो. २००२ साली आपल्या राज्यात लोकरी मावा आला, तेव्हा मी नुकताच डिप्लोमा होऊन बाहेर पडलो होतो. एका काकांच्या उसात माव्यामध्ये अळ्या दिसल्या. मी म्हटले, "काका, दुसरी कीड लागली, फवारा!" त्यांनी उसनवारी करून औषध आणले. मेल्या त्या सिरफिडच्या अळ्या. मावा पुन्हा वाढला, तो आवरायला कोणी राहिले नव्हते. काका आजही भेटले की हसतात. मला मात्र हसू येत नाही.

तेव्हा मंडळी, शंका आली तर पान तोडून कागदी पुडीत घाला आणि गट ऑफिसात आणून द्या. भिंग आमच्याकडे आहे, पाहायला पैसा लागत नाही. औषधाला लागतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी