ट्रे कुठलाही असो, अडवते ती हवा

फ्रिज घेताना आपण लिटर बघतो, तारे मोजतो, दाराचा रंग भिंतीला शोभेल का यावर घरभर चर्चा करतो. बर्फाचा ट्रे मात्र खोक्यात जो येईल तो. दोन-तीन उन्हाळ्यांत त्याला तडा जातो आणि मग नव्याचा शोध सुरू होतो. भांड्यांच्या दुकानात किंवा मोबाइलवर बघावं तर सिलिकॉनचे रंगीबेरंगी ट्रे, स्टीलचे, दांडा ओढायचे अॅल्युमिनियमचे, झाकणाचे, लाडवाएवढे गोळे पाडणारे, असे शंभर प्रकार. त्यातल्या निम्म्यांवर एकच दावा असतो: यात बर्फ झटपट होतो. तो आधी तपासू.

नळाचं ३० अंश सेल्सिअसचं एक ग्रॅम पाणी शून्यापर्यंत आणायला त्यातून ३० कॅलरी उष्णता काढावी लागते. शून्य अंशाच्या त्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला आणखी ८० कॅलरी. पुढे हा बर्फ फ्रीजरच्या उणे १८ अंशांपर्यंत न्यायला फक्त ९, कारण बर्फाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मीच असते. एकूण ११९. यातला दोन तृतीयांश हिस्सा तापमान तसूभरही न बदलता जातो. दोन तासांनी ट्रे उघडला की वर पापुद्रा आणि खाली पाणी दिसतं ते यामुळे. फ्रिजमधलं ८ अंशांचं पाणी भरलं तर ११९ पैकी २२ कॅलरी वाचतात, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आणि गरम पाणी लवकर गोठतं म्हणतात, त्याचं काय? १९६३ मध्ये टांझानियातल्या एरास्टो एम्पेम्बा या शाळकरी मुलाने आइस्क्रीम करताना तसं पाहिलं, १९६९ मध्ये त्यावर निबंध छापून आला आणि वाद आजही मिटलेला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर प्रयोगांत तर हा परिणाम दिसलाच नाही. घरच्या फ्रीजरवर मुद्दाम गरम पाण्याचा भार टाकण्यात काही शहाणपण नाही.

ही उष्णता बाहेर पडते कुठून? ट्रेच्या भिंतीतून आणि वरच्या उघड्या पृष्ठभागातून. अॅल्युमिनियम प्लास्टिकपेक्षा हजारपटीने चांगला उष्णतावाहक आहे. मग धातूच्या ट्रेत बर्फ हजारपट नाही तरी निदान दहापट वेगाने व्हायला हवा. तसं होत नाही, कारण भिंत ओलांडली की पुढे फ्रीजरमधली हवा असते आणि हवा उष्णता वाहून नेण्यात फारच आळशी. दीड मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची भिंत उष्णतेला जितकी अडवते, त्याच्या साधारण दहापट भोवतालची शांत हवा अडवते. मोठा अडथळा तसाच ठेवून छोटा काढून टाकला तर वेळ किती वाचणार? सिलिकॉनची भिंत थोडी जाड असते म्हणून किंचित हळू आणि धातू किंचित जलद, एवढाच फरक. पंखा असलेल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये हवा खेळती असल्याने हा फरक जरा वाढतो, पण तिथेही ट्रे जाळीच्या तोंडाशी, गार झोतात ठेवणं हे ट्रे बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी.

धातूचा ट्रे खरोखर कामाला येतो तो एक दाराच्या, हाताने डीफ्रॉस्ट करायच्या फ्रिजमध्ये. तिथे फ्रीजरचा पत्रा हाच गारवा देणारा भाग असतो. गॅसच्या नळ्या त्या पत्र्यातूनच फिरतात. सपाट तळाचा अॅल्युमिनियमचा ट्रे त्या पत्र्यावर नीट टेकला की मधल्या हवेला बगल देऊन उष्णता धातूतून धातूत जाते. जुन्या पिढीतल्या बायका ट्रेखाली चमचाभर पाणी टाकायच्या, ती याचीच युक्ती. खालची फट गोठून भरून निघते आणि बर्फ हवेपेक्षा नव्वदपट तरी चांगला वाहक असतो. अडचण पुढे येते. ट्रे पत्र्याला घट्ट चिकटतो आणि कुणीतरी सुरी नाहीतर स्क्रूड्रायव्हर घेऊन येतं. पत्र्याला भोक पडतं, गॅस जातो आणि मेकॅनिकचं बिल बघून बर्फाची हौस फिटते. आताच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये हा गॅस आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील असतो. सुरी ही भाजीसाठी आहे. फ्रिज बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलं की ट्रे आपोआप सुटतो.

तर वेगाचा प्रश्न बहुतेक घरांपुरता बाद. बर्फ सुटतो कसा, हा खरा प्रश्न, आणि ट्रे बनवणाऱ्यांची शंभर वर्षं त्यातच गेली. अमेरिकेत मिशिगनमधले लॉइड कोपमन मेपलचा चीक गोळा करायला बर्फाळ रानात गेले असता त्यांच्या रबरी बुटांवरचा बर्फ पाय वाकताच गळून पडत होता, असं सांगतात. त्यावरून त्यांनी १९२८ च्या सुमारास रबरी ट्रे काढला. १९३३ मध्ये गाय टिंकम यांनी वाकणारा स्टेनलेस स्टीलचा ट्रे आणला. पुढे दांडा ओढला की आतल्या पट्ट्या तिरक्या होऊन खडे सुटतात, असे अॅल्युमिनियमचे ट्रे आले. आपल्याकडच्या जुन्या फ्रिजमधून अनेकांनी ते पाहिले असतील. युक्त्या वेगवेगळ्या दिसल्या तरी तत्त्व एकच: बर्फ वाकू शकत नाही, म्हणून ज्याला तो चिकटलाय त्याला वाकवा.

आरशावरची टिकली काढताना आपण ती सरळ ओढत नाही, कडेला नख घालतो. एकदा कड सुटली की बाकीची अलगद निघते. सिलिकॉनच्या ट्रेत बोटाने खालून दाबल्यावर तेच घडतं. भेग कडेला सुरू होते आणि सरकत जाते, त्यामुळे कुठल्याही क्षणी थोडाच भाग तोडायला जोर लागतो. कडक ट्रेत सगळा चिकटलेला भाग एकदम तोडावा लागतो, म्हणून आपण तो पिळतो.

या पिळण्यातच प्लास्टिकच्या ट्रेचं मरण दडलेलं असतं. बहुतेक साधे ट्रे पॉलिप्रॉपिलिनचे असतात. तळाला त्रिकोणात ५ आकडा असेल तर तेच. हे प्लास्टिक खोलीत लवचीक असतं, पण शून्याच्या जरा खाली गेलं की त्याच्या रेणूंच्या साखळ्यांची हालचाल थिजते आणि ते ठिसूळ होऊ लागतं. आपण नेमका उणे १८ अंशांवरून बाहेर काढल्या काढल्या ट्रे पिळतो. त्याला दोन मिनिटं ओट्यावर ठेवलं तर आयुष्य बरंच वाढेल, पण पाहुणे दारात असताना एवढा धीर कुणाला असतो? सिलिकॉनला ही अडचण नाही. ते थिजायला उणे १०० अंशांच्याही खाली जावं लागतं. त्याची अडचण उलटी आहे. भरलेला ट्रे उचलला की तो मधेच लवतो आणि पाणी फ्रीजरभर सांडतं. म्हणून मला विचाराल तर भिंती कडक प्लास्टिकच्या आणि फक्त तळ सिलिकॉनचा, असा मिश्र ट्रे घरासाठी सर्वांत सोयीचा. धातूच्या ट्रेची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे: तळावर नळाची धार धरताच त्यातला बर्फ लगेच सुटतो. गोठताना जी वाहकता वाया जाते ती इथे कामी येते.

ट्रे काठोकाठ भरू नये, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी पाळत नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. बाजूंना जागा नसल्याने ही वाढ वरच्या बाजूला जाते, अडीच सेंटिमीटर उंचीच्या खड्यात दोन मिलिमीटरच्या आसपास. काठोकाठ भरलेल्या ट्रेत सगळे खडे वरून एकमेकांना जोडले जाऊन एक लादी तयार होते आणि मग कितीही पिळा. ज्यांच्याकडे आरओचं, क्षार फारसे नसलेलं पाणी आहे त्यांना कधीतरी एखाद्या खड्यातून वर आलेला बर्फाचा काटा दिसतो. घाबरायचं कारण नाही. वरचा पापुद्रा गोठताना मध्ये छोटं भोक राहतं, आत फुगणारं पाणी त्यातून वर ढकललं जातं आणि भोकाच्या कडेला गोठत गोठत पोकळ नळी उभी राहते. कॅलटेकचे भौतिकशास्त्रज्ञ केनेथ लिब्रेक्ट यांनी या काट्यांवर चक्क प्रयोग केले आहेत.

आता आकार. मोठा खडा सरबत कमी पातळ करतो, हे जाहिरातींतलं आवडतं वाक्य. हिशेब करू. ३० अंशांचं २०० मिलिलिटर कोकम सरबत ५ अंशांवर आणायचं, म्हणजे ५००० कॅलरी काढायच्या. उणे १८ अंशांचा एक ग्रॅम बर्फ शून्यावर यायला ९, वितळायला ८० आणि त्याचं पाणी ५ अंशांवर जायला ५, अशा ९४ कॅलरी शोषतो. म्हणजे ५३ ग्रॅम बर्फ वितळायलाच हवा. अडीच सेंटिमीटरचा खडा साधारण १४ ग्रॅमचा, तेव्हा चार खडे. हे ५३ ग्रॅम चौकोनी, गोल, चुरा, कसेही असोत, तितकंच पाणी सरबतात उतरणार. गारवा आणि पातळपणा एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. सरबत मुळात चौथा हिस्सा घट्ट करा, हा यावरचा खरा उपाय.

आकाराने बदलतो तो वेग. पाच सेंटिमीटरच्या एका खड्याऐवजी अडीच सेंटिमीटरचे आठ केले तर बर्फ तेवढाच, पृष्ठभाग दुप्पट. उन्हातून आलेल्या माणसाला पन्हं लगेच गार हवं असतं, तिथे लहान खडे. पेय आधीच गार असेल आणि घोट घोट तासभर पुरवायचं असेल, तिथे मोठा खडा शोभतो. पृष्ठभागाचं हे गणित फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याला नेमकं कळलं होतं. त्याने १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या गोठलेल्या तळ्यांचा १८० टन बर्फ ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या, विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या प्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक होता, कारण मोठमोठ्या लाद्या एकमेकींना खेटून रचलेल्या आणि भोवती उष्णतारोधक वेष्टन. पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. मोठ्या खड्याची दुसरी बाजू ट्रे घेताना लक्षात ठेवावी: पाणी आठपट आणि पृष्ठभाग चौपट, म्हणजे गोठायला दुपटीहून जास्त वेळ. पाच-सहा माणसांच्या घरात पाहुणे आल्यावर लाडवाएवढे सहा गोळे कुणाला पुरणार?

काचेसारखा पारदर्शक बर्फ देणारे महाग ट्रेही मिळतात. साध्या ट्रेत थंडी सगळीकडून येते, पाण्यात विरघळलेली हवा बर्फात मावत नाही, ती मध्याकडे ढकलली जाते आणि तिथे पांढरा ढग तयार होतो. बोअरचं पाणी असेल तर क्षारही त्याच ढगात जमतात; खडा वितळल्यावर पेल्याच्या तळाशी दिसणारे पांढरे कण ते हेच. पाणी उकळून घेतल्याने फारसं काही साधत नाही. त्या ट्रेंना बाजूने आणि खालून उष्णतारोधक कवच असतं, त्यामुळे तळ्यासारखं फक्त वरून गोठतं आणि हवा खाली साचते. घरातलं पोळ्यांचं लहान कॅसरोल झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवलं आणि पूर्ण गोठण्याआधी बाहेर काढलं तर जवळपास तोच बर्फ मिळतो, फुकटात. चवीत फरक शून्य, हेही सांगून ठेवतो.

बर्फापेक्षा ट्रेचा उपयोग स्वयंपाकात जास्त, असं मानणारं घर असेल तर वेगळा झाकणाचा ट्रे घ्यावा. नारळाचं दूध, चिंचेचा कोळ, आलं-लसणाचं वाटण, लिंबाचा रस, सगळं खड्यांत साठवता येतं. लिंबू, चिंच, कोकम अॅल्युमिनियममध्ये मात्र ठेवू नये. आम्ल धातूला खातं. खारट आगळ कडक गोठलं नाही म्हणून फ्रिजला दोष देऊ नका. मिठाने गोठणबिंदू इतका खाली जातो की उणे १८ अंशांवर त्याचा लगदाच राहतो. वाटणाला सिलिकॉन वापरलंत तर तो ट्रे कायमचा वाटणाचाच. सिलिकॉनच्या रेणूंच्या जाळीतून वायू सहज ये-जा करतात आणि लसणाचा वास त्यात मुरतो, तो नंतर पन्ह्यात उतरतो.

झाकणाचा फायदा इथेच आहे, जरी त्याने गोठायला थोडा उशीर होत असला तरी. बर्फ थेट वाफ होऊन उडतोही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या कोरड्या वाऱ्यात उघडे खडे काही आठवड्यांत आक्रसतात आणि शेजारच्या बोंबलांचा वासही धरतात. खडे काढून डब्यात साठवण्याची सवय असेल तर ते एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं. हे मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं होतं: बर्फाचे दोन तुकडे नुसते टेकवले तरी जुळतात, कारण बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिपातळ थर असतो आणि दोन तुकड्यांमध्ये सापडल्यावर तो गोठतो. थंडी जितकी कडक तितका हा थर पातळ, म्हणून डबा फ्रीजरच्या दारात न ठेवता आत, मागे ठेवावा. खडे नळाखाली सोडवले असतील तर ते ओले असतात आणि मग फॅरडेंचीही गरज उरत नाही. ते आधी ताटलीत सुटे पसरून अर्धा तास गोठवावेत आणि मग डब्यात भरावेत.