मर्यादेचा कॅमेरा : होमाई व्यारावाला यांची छायापत्रकारिता

भारताच्या स्वातंत्र्याचा आणि त्यानंतरच्या दोन दशकांचा जो चेहरा आज सर्वसामान्य वाचकाच्या परिचयाचा आहे, त्याचा मोठा भाग होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी टिपलेल्या छायाचित्रांतून घडलेला आहे. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि तो मान त्यांचाच आहे. परंतु केवळ पहिलेपणाच्या बिरुदावर थांबल्यास त्यांच्या कामाचे खरे मोल हाती लागत नाही. सत्तेच्या अगदी निकट वावरूनही समोरच्या माणसाची प्रतिष्ठा सांभाळणे, आणि ते जमेनासे झाले असे वाटताच व्यवसायातून बाजूला होणे, या दोन गोष्टींनी त्यांची कारकीर्द वेगळी ठरते.

मुंबईतील जडणघडण

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील उर्दू-पारशी रंगभूमीवर, म्हणजे पारशी मालकांच्या फिरत्या नाटक मंडळ्यांनी उभारलेल्या व्यावसायिक रंगभूमीवर, नट होते. त्यामुळे बालपणाचा काही काळ फिरस्तीत गेला आणि पुढे शिक्षणासाठी मुंबई हेच घर झाले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी कलाशिक्षण घेतले, तर छायाचित्रणाचे धडे त्यांना माणेकशा व्यारावाला यांच्याकडून मिळाले. टाइम्स ऑफ इंडियात नोकरी करणारे आणि छायाचित्रणाचा ध्यास घेतलेले माणेकशा पुढे त्यांचे पती झाले.

एका महिला मंडळाच्या सहलीची होमाईंनी काढलेली छायाचित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापली आणि प्रत्येक चित्रामागे एक रुपया मोबदला दिला. तेथून त्यांची व्यावसायिक वाटचाल सुरू झाली. त्यानंतर 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' या साप्ताहिकात त्यांची चित्रे येऊ लागली. मुंबईचे रोजचे जीवन, जे. जे.मधील विद्यार्थिनी, महायुद्धाच्या छायेतील शहर हे त्यांचे या काळातील विषय होते. मात्र स्त्री छायाचित्रकाराचे नाव वाचकांना आणि संपादकांना अपरिचित असल्याने यातील बरीच चित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाली. कलाशाळेत शिकलेली रचनेची जाण, विशेषतः बाजूने येणाऱ्या प्रकाशाचा उपयोग करून चेहऱ्याला उठाव देण्याची पद्धत, त्यांच्या पुढील राजकीय चित्रांतही टिकून राहिली.

दिल्लीतील तीन दशके

१९४२ मध्ये व्यारावाला दांपत्य दिल्लीला गेले आणि ब्रिटिश सरकारच्या माहिती विभागात कामाला लागले. या नोकरीत बाहेरची कामे घेण्याची मुभा असल्याने होमाईंना नियतकालिकांसाठीही चित्रे काढता आली. अवजड साहित्य घेऊन, साडी नेसून, सायकलवरून कार्यक्रमस्थळी पोहोचणारी ही छायाचित्रकार राजधानीच्या वर्तुळात लवकरच परिचयाची झाली. 'डालडा १३' हे त्यांचे टोपणनाव याच काळातले : जन्मवर्ष १९१३, माणेकशांची पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी आणि मोटारीचा क्रमांक डीएलडी १३, अशा तीन योगायोगांतून ते तयार झाले होते.

त्यांच्या कामाचे स्वरूप समजून घ्यायचे तर त्या काळची साधने लक्षात घ्यावी लागतात. रोलीफ्लेक्स हा जर्मन कॅमेरा दोन भिंगांचा असतो. वरच्या भिंगातून येणारी प्रतिमा आरशावरून परावर्तित होऊन माथ्यावरील काचेवर दिसते आणि खालच्या भिंगातून चित्र फिल्मवर उमटते. छायाचित्रकार तो पोटाशी धरून मान खाली घालून पाहतो, त्यामुळे समोरच्यावर डोळा रोखला जात नाही आणि चित्र किंचित खालच्या कोनातून येऊन व्यक्तीला आपोआप भारदस्तपणा लाभतो. काचेवर डावे-उजवे मात्र उलटे दिसते, म्हणून हलत्या माणसाचा पाठलाग करताना हाताला उलट्या दिशेची सवय लावून घ्यावी लागते. एका फिल्मवर अवघी १२ चित्रे मिळत. स्पीड ग्राफिक या मोठ्या अमेरिकन कॅमेऱ्यात तर प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा स्वतंत्र तुकडा लागे आणि फ्लॅशचा दिवा एकदा पेटला की निकामी होई. तो काढून नवा बसवेपर्यंत समोरचा प्रसंग सरून जाई. अशा स्थितीत चित्र घेण्याचा क्षण आधी ओळखणे, त्यासाठी थांबणे आणि एकाच प्रयत्नात ते साधणे, हेच कौशल्य निर्णायक ठरत असे.

या कौशल्याचा प्रत्यय त्यांच्या गाजलेल्या चित्रांत येतो. जून १९४७ मध्ये फाळणीच्या प्रस्तावावर हात वर करून मत देणारे काँग्रेसचे सदस्य, पाकिस्तानला रवाना होण्यापूर्वीची जिनांची पत्रकार परिषद, १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर झालेले पहिले ध्वजारोहण, गांधीजींची अंत्ययात्रा आणि माउंटबॅटन यांची भारतातून रवानगी, असा सत्तांतराचा जवळजवळ सलग आलेख त्यांच्या संग्रहात सापडतो. १९५६ मध्ये दलाई लामा भारतभेटीस आले, तेव्हा त्यांचे आगमन टिपण्यासाठी होमाई सिक्कीमला गेल्या होत्या. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी मात्र त्या बिर्ला भवनातील प्रार्थनासभेला गेल्या नाहीत, आणि ही खंत त्यांना पुढे आयुष्यभर राहिली.

पंडित नेहरू हा त्यांचा सर्वांत आवडता विषय होता. स्वतःच्या ओठांत सिगारेट असताना ब्रिटिश उप-उच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरू, हातातून कबुतर सोडणारे नेहरू, विमानतळावर छायाचित्रणास मनाई करणाऱ्या फलकाशेजारी उभे असलेले नेहरू, अशी ही चित्रे आहेत. यांपैकी सिगारेटच्या चित्रात पंतप्रधानांची प्रतिमा उजळण्याचा हेतू नाही आणि ती मलिन करण्याचाही नाही. विमानातील एका मोकळ्या क्षणी दिसलेले सौजन्य तेवढे त्यात नोंदले गेले आहे. नेत्याचा माणूसपणा दाखवताना त्याला हास्यास्पद न करणे ही अवघड कसोटी आहे, आणि होमाई तिला वर्षानुवर्षे उतरत राहिल्या.

निवृत्तीचा निर्णय

१९६९ मध्ये माणेकशांचे निधन झाले आणि १९७० मध्ये, अद्याप साठीही न गाठलेल्या होमाईंनी व्यवसाय सोडला. त्यामागे वैयक्तिक दुःख होते, तशीच व्यवसायाच्या बदलत्या वळणाबद्दलची नाराजीही होती. त्यांच्या पिढीतील छायाचित्रकार पोशाखाचे आणि वागणुकीचे संकेत पाळत, योग्य अंतरावर उभे राहत आणि म्हणून त्यांना खाजगी वाटाव्या अशा क्षणांपर्यंतही प्रवेश मिळे. एकीकडे सुरक्षेची कडी वाढली, दुसरीकडे चित्रासाठी धक्काबुक्की आणि पाठलाग सुरू झाला, तेव्हा परस्परविश्वासावर उभी असलेली ही व्यवस्था मोडली, असे त्यांचे मत होते. त्या दिल्ली सोडून मुलाकडे राजस्थानातील पिलानी येथे गेल्या, पुढे बडोद्यात स्थायिक झाल्या आणि मुलाच्या मृत्यूनंतरही तेथेच एकट्या, स्वतःची कामे स्वतः करीत राहिल्या. वृत्तछायाचित्रणाकडे त्या पुन्हा वळल्या नाहीत.

दीर्घकाळ विस्मरणात गेलेल्या या कामाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने गेले ते प्रामुख्याने सबीना गडिहोक यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रग्रंथामुळे. होमाईंनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले.

हा पुनर्शोध शक्य झाला, कारण निगेटिव्ह आणि मुद्रिते होमाईंनी स्वतः जपली होती. वर्तमानपत्रांत नोकरी करणाऱ्या असंख्य छायाचित्रकारांची चित्रे मात्र नावाविना छापली गेली आणि त्यांच्या निगेटिव्ह कार्यालयांच्या कपाटांत ओल व बुरशीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. कोणत्या दिवशी, कोठे, कोणाचे चित्र घेतले याची नोंद नसेल, तर उत्तम छायाचित्रही इतिहासाच्या अभ्यासकाला अर्धेच उपयोगी पडते. मराठी वृत्तपत्रांतून निवृत्त झालेले अनेक छायाचित्रकार आज हयात आहेत. त्यांच्याकडून नावे, तारखा आणि प्रसंग नोंदवून घेणे, निगेटिव्ह कोरड्या व थंड जागी ठेवणे आणि त्यांच्या डिजिटल प्रती करणे, हे काम वृत्तपत्रसंस्था, विद्यापीठे आणि ग्रंथालये मिळून करू शकतात. ज्यांनी ती चित्रे घेतली त्यांची स्मृती शाबूत आहे, तोवरच ते करणे शक्य आहे.