कष्ट तिचे, खातेही तिच्याच नावे

ठाणे जिल्ह्यात भात हे मुख्य पीक होय. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावी लावणीपासून झोडणीपर्यंत स्त्रियांचे कष्ट मोठे असतात. शेतीची कामे उरकली की तांदळाचे पापड करणे, कोंबड्या पाळणे, परसातील भाजी बाजारी नेणे असे लहान उद्योग त्यांना करता येतात. कौशल्य अंगी असतेच. अडचण असते ती भांडवलाची, आणि त्याहूनही अधिक, हाती आलेला पैसा स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची.

या अडचणीतून वाट कशी निघते, हे सातारा जिल्ह्यातील माण या अवर्षणप्रवण तालुक्यात दिसून आले. म्हसवड येथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईस रोज थोडी रक्कम शिल्लक टाकावयाची होती. परंतु इतक्या लहान रकमेचे खाते उघडण्यास बँक तयार होईना. तेव्हा श्रीमती चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी स्वतःचीच बँक काढण्याचे ठरविले. सभासद स्त्रिया निरक्षर आहेत, या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. स्त्रियांनी धीर सोडला नाही. त्या अक्षरे गिरवू लागल्या. पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन, कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, असे त्यांनी ठणकावले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रोजगार बुडवून बँकेत येणे स्त्रियांना परवडत नाही, हे ओळखून बँकेतर्फे दारोदार जाऊन बचत गोळा होऊ लागली.

खात्याच्या जोडीस हिशेबही हवा. समजा, एका भगिनीने 800 रुपयांचे पापड विकले. साहित्यास 400, सरपणास 50 व गाडीभाड्यास 50 रुपये लागले. शिल्लक 300 रुपये दिसते. परंतु काम तीन दिवसांचे असल्यास दिवसाकाठी 100 रुपयेच पडले. ही रक्कम मजुरीपेक्षा कमी असेल, तर भाव वाढवावा, साहित्य एकत्रितपणे घाऊक दराने घ्यावे किंवा दुसरा माल निवडावा. स्वतःचे श्रम हिशेबात न धरल्यामुळे तोट्यातील धंदाही नफ्याचा भासतो.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी उद्योगेच्छू स्त्रीस प्रथम पुढील तीन प्रश्न विचारावेत : बँकेत तिच्या एकटीच्या नावे खाते आहे काय? पासबुक कोणाजवळ असते? रोजचा जमाखर्च कोण लिहितो? उत्तरे समाधानकारक नसल्यास कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी ही उणीव दूर करावी. ‘उमेद’ अभियानातील स्वयंसहाय्यता गटांतून बचतीची सवय लागते व बँकेचे कर्जही मिळू शकते. मात्र त्या कर्जाचा विनियोग स्त्रीच्याच उद्योगात व्हावा, याकडे लक्ष पुरवावे.

घरातील पुरुषांनीही हे ध्यानी घ्यावे. उद्योगाचे भांडवल घरखर्चात गेले, तर पुढल्या खेपेचा माल कशातून आणावयाचा? ते तिच्या खात्यात राहिले, तर उद्योग टिकेल आणि अडीअडचणीच्या वेळी साऱ्या घरालाच आधार होईल.