संगणक रुसतो तेव्हा

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या कोणत्या वस्तूवर काय प्रसंग ओढवेल, हे सांगता येत नाही. हल्ली त्यात संगणकाची भर पडली आहे. टेबल ओढले जाते, तारा सुटतात, झाडून-पुसून सारे जागच्या जागी जाते आणि बटण दाबावे, तर पडदा काळाच! चिरंजीव निदान करतात, "मदरबोर्ड गेला." सौभाग्यवती म्हणतात, "मी नुसते फडके फिरवले हो!" आणि कोणीतरी सुचवतेच, "आता नवाच घेऊन टाका."

अशा वेळी आप्तेष्टांकडून मला बोलावणे येते. या हौशी वैद्यकीत मला एक गोष्ट पटली आहे. संगणक एकदम जागा होत नाही, पायऱ्या चढत उठतो. तो कोणत्या पायरीवर अडला, हे ओळखले की निम्मे काम झाले.

पहिली पायरी विजेची. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, तर भिंतीवरचे बटण, मागची तार आणि पेटीच्या पाठीवरचे छोटे बटण आधी पाहावे. लॅपटॉप असेल, तर चार्जर काढून सुरू करण्याचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे आणि मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. पॉवर सप्लायची पत्र्याची डबी मात्र घरी उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

पंखा फिरतो पण पडदा काळा, ही दुसरी पायरी. उठताच संगणक स्वतःची तपासणी करतो. काही बिघडले असेल, तर पुष्कळ यंत्रे 'बीप' करतात. ते बीप मोजावेत, त्यांचा अर्थ माहितीपुस्तिकेत सापडतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर पडद्याची तार त्यालाच जोडलेली हवी. सफाईनंतर ती हमखास शेजारच्या खाचेत जाते! तरीही जमले नाही, तर वीज काढून, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी.

तिसऱ्या पायरीवर अक्षरे दिसतात, पण तक्रारीची. दर वेळी तारीख मागे जात असेल, तर आतली सीआर २०३२ ही नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी संपली असे समजावे. डिस्क सापडत नाही म्हणाला, तर आधी विसरून राहिलेला पेनड्राइव्ह काढावा.

चौथ्या पायरीवर विंडोज अर्ध्यात थांबते. विंडोज १० व ११ यांना लागोपाठ उठता आले नाही, तर त्या आपणहून दुरुस्तीचे पान दाखवतात. तेथून 'सेफ मोड'मध्ये जाऊन नुकताच घातलेला प्रोग्रॅम काढता येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. शेजारच्या काकूंचा संगणक याच पायरीवर अडला होता. दुरुस्तीवाल्याचा सल्ला होता, "फॉरमॅट मारू, तासाभरात चकाचक!" काकू हळूच मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचा आवाज आहे हो त्यात." काका जाऊन दोन वर्षे झाली होती, त्यांनी नातवासाठी सांगितलेल्या गोष्टी त्या डिस्कवर होत्या, आणि दुसरीकडे कोठेच नव्हत्या. आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, डिस्क न पुसता सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवले, आणि मगच विंडोज नव्याने घातले. काकूंनी पहिली गोष्ट लावली, तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही.

म्हणून वाचकहो, डिस्क कटकट आवाज करू लागली, तर यंत्र पुन्हापुन्हा सुरू करू नका, जाणकाराकडे न्या. बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली वहीत उतरवून ठेवा. आणि यंदा फराळाचे डबे भरून झाले, की घरच्या फोटोंची आणि आवाजांची एक प्रत दुसरीकडे ठेवा. संगणक काय, पैसे टाकले की नवा मिळतो!