पिल्लू देईन, पण ऑपरेशन झाल्यावर!

तुमच्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून येत असेल : ‘मांजरीची गोड पिल्लं द्यायची आहेत, कुणाला हवी असतील तर सांगा.’ खाली तीन फोटो आणि भरपूर बदाम. मागच्या वर्षी आमच्या ग्रुपवर तो मेसेज मीच टाकला होता. चिंगी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. आमच्या नरखेड तालुक्यातल्याच एका संत्र्याच्या बागेत तिला घर मिळालं. ‘मोठी झाली की ऑपरेशन करून आणू,’ ते म्हणाले. मी ‘थँक्यू’ म्हटलं आणि माझ्यापुरता विषय संपला.

संपला कुठला! आठव्या महिन्यात चिंगी रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे व्याली. आणि फोन कुणाला? तर मला. ‘ताई, तुमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. घेऊन जा.’

आधी राग आला. पण खरं सांगू, ती माणसं वाईट नाहीत. चिंगीला रोज दूध-पोळी मिळत होती. फक्त नागपूर इथून ८५ किलोमीटरच्या आसपास, आणि संत्रा तोडणीला आलेला असताना मांजरीसाठी अख्खा दिवस कोण मोडणार? ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याचं ते ‘नंतर’ येतच नाही. मांजर मात्र थांबत नाही. चार-पाच महिन्यांची झाली की ती माजावर येऊ शकते. त्यानंतर ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं, एका वेताला साधारण तीन ते पाच. आणि ती अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते.

हे शेवटचं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही, पाहिलंय. पिल्लं खायला लागल्यावर आम्ही चिंगीला नागपूरला ऑपरेशनला नेलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘पुन्हा गाभण होती.’ परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोलले नाही.

म्हणून या तिघांच्या बाबतीत ठरवलं : आधी ऑपरेशन, मग दत्तक. तोवर पिल्लं माझ्याकडे. यालाच फॉस्टर करणं म्हणतात. कायमचं पाळायचं नाही, पण नव्या घरी जायला तयार होईपर्यंत सांभाळायचं.

आजीला हे काही पटेना. ‘काहून व पोरी, मांजरीले बी आपरेशन? एकदा व्याली पाहिजे ते, मंग कर!’ हे तुम्हालाही कुणीतरी ऐकवेलच. पण एकदा व्यायल्याने मांजरीच्या तब्येतीला फायदा होतो, याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच कमी होतो. बागवाल्या काकांची शंका वेगळीच होती : मग ती उंदीर मारेल का? मारते की! नसबंदीने शिकारीची सवय जात नाही.

परदेशात अनेक ठिकाणी दोन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लाचंही ऑपरेशन करून मगच ते दत्तक देतात. आमच्या डॉक्टरांनी लसी पूर्ण करून चार महिन्यांनंतर या, असं सांगितलं. म्हणजे आणखी दोन महिने आले. पडद्याच्या चिंध्या, वाळूचा ट्रे, हातावर ओरखडे (साबणाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, आळस करू नका). पण सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. दोन महिन्यांचं पिल्लू मागणारे सात जण होते. चौथ्या महिन्यात फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘अरे, मोठं झालं ना! छोटं असेल तर सांग.’ उशिरा देण्याची ही किंमत आहे, ती आधीच धरून चाला. पैशांचं म्हणाल तर कट्ट्यावरच्या पाच जणांनी गणपतीसारखी वर्गणी काढली, उरलेले माझ्या मानधनातून गेले.

ऑपरेशनच्या दिवशी पिल्लाला किती तास उपाशी ठेवायचं, हे डॉक्टरांना विचाराच. लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवलं तर त्याची साखर उतरते. आम्हाला पहाटे थोडं भरवायला सांगितलं होतं. पिंजरा नव्हता. संत्र्याचे दोन प्लास्टिकचे क्रेट एकमेकांवर उपडे ठेवून सुतळीने करकचून बांधले, आत आजीचं जुनं लुगडं टाकलं, आणि निघालो. बस काटोलला पोचेपर्यंत तिघांचा कोरस चालू होता.

रात्री घरी आलो तेव्हा बोका तरतरीत होता. नराचं ऑपरेशन लहान असतं. (मात्र नंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, त्याला लगेच मोकळं सोडू नका.) दोघी माद्या मात्र झिंगल्यासारख्या चालत होत्या. भुलीनंतर पिल्लाचं अंग पटकन गार पडतं, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली. पलंगावर नाही, जमिनीवर निजवलं. तिसऱ्या दिवशी तिरंगी पिल्लाने टाके चाटून लाल केले. माझी पार घाबरगुंडी! आजी हळद घेऊन आली, तिला अडवलं. डॉक्टरांना फोटो पाठवला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे मोज्याला चार भोकं पाडून तिला तो अंगात घातला. एक लक्षात ठेवा, घरातली तापाची पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका. ती तिच्यासाठी विष आहे, छोटा तुकडासुद्धा जीव घेऊ शकतो.

त्यानंतर दहा दिवस उड्या बंद. चार महिन्यांच्या पिल्लाला हे सांगून पाहा! दुपारी मी ऑफिसात असताना पहारा आजीच द्यायची. ‘बस इथंच, टाके तुटतीन!’ असा तिचा दम पार अंगणापर्यंत ऐकू यायचा.

कायदा म्हणाल तर २००१ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम फक्त कुत्र्यांसाठी होते. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि नावातला ‘कुत्रे’ हा शब्द गेला. मुंबईत महापालिका मांजरांची नसबंदीही करून घेते. आमच्याकडे अजून क्रेट आणि सुतळी.

बोका आणि एक मादी गेल्या महिन्यात नव्या घरी गेली. सोबत लसींचं कार्ड आणि ऑपरेशनची तारीख लिहिलेला कागद. तिरंगी अजून इथेच आहे, आजीच्या पायाशी. ‘देऊन टाक कोणाले,’ आजी रोज म्हणते आणि रोज तिच्यासाठी माशाचं डोकं राखून ठेवते.

परवा बागवाल्या काकांचा फोन आला. मी धसकलेच. पण ते म्हणाले, ‘ताई, गोठ्यात अजून एक मांजर फिरते. पुढच्या खेपेला तिलाही नेता का? क्रेट मी बांधून ठेवतो.’