काबोला यॉट घेताय? सकाळचीच घ्या!

मेक्सिकोतल्या काबो सान लुकासला आठ-दहा जणांचा ग्रुप जाणार असेल, तर अर्ध्या दिवसाची खासगी यॉट खुशाल घ्या. फक्त सकाळची. दुपारी वारा वाढला की पॅडल बोर्डवर उभं राहणंही कठीण होतं.

बंदरातून निघाल्यावर आधी ‘एल आर्को’ ही दगडी कमान दिसते. पॅसिफिक आणि कोर्टेझचा समुद्र इथेच भेटतात. फोटो काढा, पण खरा वेळ ठेवा तो सांता मारियासाठी! घोड्याच्या नालेसारखी ही छोटी खाडी, दोन्ही बाजूंना खडक, म्हणून पाणी बहुतेकदा शांत. स्नॉर्कलिंग करताना मधल्या वाळूवर रेंगाळू नका. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर, रंगीत पॅरटफिश, सगळी गर्दी कडेच्या खडकांपाशी असते. प्रवाळाला हात-पाय लावू नका. उन्हासाठी सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट शर्ट, केव्हाही चांगला.

पॅडल बोर्डवर आधी गुडघ्यांवर बसा, तोल सावरला की उभे राहा. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट हवंच.

डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत गेलात तर वाटेत हंपबॅक व्हेलही दिसू शकतात. बुकिंग करताना बंदराचं शुल्क आणि स्नॉर्कलिंगचं साहित्य भाड्यात धरलंय का, हे आधीच विचारून घ्या.